चौदावी नळी

शेडमध्ये, सिमेंटच्या फरशीवर, यंत्र खोटं बोलत नाही.
चाक हाताने पंचवीस वेळा फिरवलं,
नळ्यांखाली बादल्या लावल्या, गहू तोलला:
हेक्टरी एकशे तीस किलो, मूठभर इकडेतिकडे.
गालिमजानने टोपी मागे सारली.
"यंत्राचं झालं. आता शेताला विचारा."

शेत कोस्तानायच्या उत्तरेला.
या टोकावरून ते टोक दिसत नाही.
मे महिन्याची सोळा तारीख,
बर्चच्या राईआड अजून मळकट बर्फ,
त्याच्या कडेने जमीन काळी, ओलीगच्च,
आणि शंभर पावलांवर तीच जमीन
भाजलेल्या विटेसारखी.

मी मागून चालते.
हातात स्वयंपाकघरातली सुरी, खिशात शाळेची पट्टी.
माती उकरायची, दाणा शोधायचा, खोली मोजायची.
पाच सेंटिमीटर हवी.

उंचवट्यावर पाच. शाब्बास.

वळणावर, जिथे गेल्या सप्टेंबरात
गव्हाचे ट्रक रात्रभर रांगेत उभे होते,
जमीन ते वजन अजून विसरलेली नाही.
तवा नुसता ओरखडा काढून वर उचलला जातो,
दाणा दीड सेंटिमीटरवर, उघडाच,
कावळ्यांना आवतण दिल्यासारखा.

खोलगटात उलटं. तिथे नऊ.
वरून चिखलाची साय, उन्हात ती वाळणार,
आणि खालचा कोंब डोकं आपटून आपटून पिवळा पडणार.

मधल्या पट्ट्यात गेल्या साली काड नीट पसरलं नव्हतं.
तवा ते कापत नाही, दुमडून चिरेत कोंबतो.
दाणा गादीवर निजतो,
मातीला त्याची पाठ लागत नाही,
आणि ओल तर पाठीतूनच चढते.

"स्प्रिंग आवळ," मी ओरडते.
आवळली की खोलगटात आणखी बुडतं.
सैल केली की वळणावर तरंगतं.
या एका कुंपणात चार शेतं आहेत
आणि मळसूत्र एकच.

"बाराने नको, आठने चल!"
गालिमजान वाऱ्याकडे बोट दाखवतो.
खरंय त्याचं. वाफसा तीन दिवसांचा पाहुणा,
चौथ्या दिवशी स्टेपचा वारा
जमिनीतला ओलावा ओठ लावून पिऊन टाकतो.
खरंय माझंही.
म्हणून तो दहाने चालतो, आणि दोघेही नाराज.

तीनच्या सुमारास त्याचा फोन वाजला.
काचेतून दिसत होतं: एक हात चाकावर, एक कानाशी,
मान हलते आहे, मग हलत नाही.
ओलीतून कोरड्यात, कोरड्यातून ओलीत,
यंत्र सरळ चाललं होतं, दोरी लावल्यासारखं.
टोकाला पोचून उतरला.
"अकबोता," म्हणाला. "अल्माटीतच राहणार म्हणते. कायमची."
मी सुरी पँटला पुसली.
दुसरं काय पुसणार होते?

नंतर नळ्या तपासल्या.
चौदावीच्या तोंडाशी चिखलाचा गोळा,
घट्ट, बोटाच्या पेराएवढा.
केव्हा बसला, कोण सांगणार.
त्याने तो खिळ्याने टोकरून काढला
आणि फेकून न देता
बराच वेळ हातात धरला.

जूनमध्ये शेत स्वतःचा अहवाल लिहितं,
आणि त्यात खाडाखोड चालत नाही.
वळणावर विरळ, खोलगटात उशिरा,
काडाच्या पट्ट्यात दात पडल्यासारखं.
आणि मधोमध एक रिकामी ओळ,
खोलगटापासून थेट टोकापर्यंत, सातशे मीटर,
जिथे फक्त रानमोहरी पिवळी फुलली होती.

गालिमजान तिच्याकडे पाहत उभा राहिला.
"बरीच बोललो की आम्ही," म्हणाला.

कार्यालयाच्या वहीत एक रकाना असतो: कारण.
मी लिहिलं: जमिनीत जादा ओल.
ते खोटं नव्हतं.